यजमान गोरक्ष

(सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. पॅकिंग विभागात सत्यनारायण मांडलेला. कामगारांचं खातं पाहणारे शामसुंदर, मशीनवरचा गोरक्ष आणि त्र्यंबकहून आलेले विश्वेश गुरुजी.)

शामसुंदर : ...आणि म्हणून या कारखान्याच्या इतिहासात प्रथमच यजमानपदाचा मान मालकांनी एका श्रमिकाला बहाल केला आहे. गोरक्ष, हा क्षण जप.

गुरुजी : जपा, पण आधी सेफ्टी बूट काढा.

गोरक्ष : काढतो. पण सर, अजून सांगतो, दुसरं कोणी बसवा.

शामसुंदर : अरे, पगारवाढ काय, सगळ्यांनाच मिळते. मान एकालाच.

गोरक्ष : पगारवाढ कुठं मिळाली सर?

शामसुंदर : म्हणूनच मान.

गुरुजी : पत्नी?

गोरक्ष : सायखेड्याला. माहेरी.

गुरुजी : मग शेजारी सुपारी ठेवतो. हातात पाणी घ्या. संकल्प काय?

शामसुंदर : मी सांगतो. सर्वांना कामात समाधान लाभो, वातावरण खेळीमेळीचं राहो आणि कोणीही नोकरी सोडून न जावो.

गुरुजी : शेवटचं संस्कृतात बसवावं लागेल. बसवू. म्हणा, गोरक्षराव.

गोरक्ष : नाय म्हणता यायचं. हातात पाणी हाय, खोटं कसं बोलू? एक तारखेपासून मी रस्त्यापलीकडच्या कंपनीत चाललो.

शामसुंदर : किती जास्त देतायत?

गोरक्ष : दीड हजार कमी.

शामसुंदर : कमी? डोकं ठिकाणावर आहे ना?

गोरक्ष : सर, आमचे सुपरवायझर किशोरसाहेब संडासाच्या दाराशी मोबाइल धरून उभे राहत्यात. बाहेर आलं की किती वेळ लागला ते लाईनीवर मोठ्यानं सांगत्यात. बायाबी हसत्यात. म्हणून ड्युटीवर मी पाणीच पीत नाय. आता डॉक्टर म्हणतो, मूतखडा. पगार पुरंना तर बाजार कमी आणता येतो. हे कसं कमी करू?

शामसुंदर : मला सांगायचंस.

गोरक्ष : सांगितलं व्हतं. तुम्ही म्हणले, लिहून दे. लिहून दिलं, ते तुम्ही किशोरसाहेबांकडंच पाठवलं.

शामसुंदर : तसा नियम आहे. आणि ते मालकांचे मेव्हणे आहेत रे.

गोरक्ष : म्हणून तर म्हणतो, सत्यनारायणालाबी अवघडच जाणार.

गुरुजी : शिरा थंड होतोय. कोण बसतंय?

शामसुंदर : गोरक्ष, मालक येतीलच. आजच्यापुरतं बस. पाट रिकामा दिसला तर मी काय सांगू?

गोरक्ष : तुम्हीच बसा सर. तुम्हाला कुठं जायचंय?

शामसुंदर : हो. या वयात मला कोण घेतंय.

गुरुजी : तुमच्या पत्नी?

शामसुंदर : नाशिकला. तीच सुपारी चालेल ना?

गुरुजी : दुसरी ठेवतो. हं, म्हणा. कामात समाधान...

शामसुंदर : गुरुजी, मनातल्या मनात म्हटलं तर?

गुरुजी : चालतं. मनातलं लवकर होतं, असा अनुभव आहे.

गोरक्ष : निघू मी, सर?

शामसुंदर : पूजा होईपर्यंत थांब. मांडी घालून बसायची सवय राहिली नाही. उठताना तेवढा हात दे.