नळ नसलेली बाग

आज रविवार. सकाळी पाणी आलं, टाकी भरली. दहा वाजता आपण सगळे इथे, पार्किंगवरच्या या बागेत, सतरंजीवर जमलो. मंडळी, मला बोलायची सवय नाही. गायकवाडकाकूंनी सांगितलं म्हणून उभा राहिलोय.

गायकवाडकाका गेले, आठ दिवस झाले. बदलापुरात इमारतीची बाग बहुतेक ब्रोशरमध्येच असते. आपली खरोखर झाली, ती काकांमुळे. कारखान्यात जन्मभर ड्राफ्ट्समन. पट्टी-पेन्सिल घेऊन बसले आणि नकाशा काढला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. नकाशा पाहून म्हणालो, "काका, वाट फार अरुंद आहे. समोरून कोणी आलं तर?"

"तर थांबतील. थांबले की बोलतील."

"आणि नळ कुठाय?"

"नळ नाही. घरोघरी तांदूळ धुतात, भाजी धुतात. ते पाणी बादलीतून आणा की!"

घरटी एक अर्धा कापलेला ड्रम, त्यात एक झाड. मला म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही बोलत नाही. तुम्हाला कढीपत्ता."

तेव्हा कळलं नाही. माझी पत्नी जाऊन वर्षच झालं होतं. मी दार लावून बसायचो. कढीपत्ता वाढला आणि दाराची बेल वाजायला लागली. मोहिनी आंटी, तुम्ही नुकत्याच उल्हासनगरहून राहायला आला होतात. "भाईसाब, थोडा कढीपत्ता तोड लूँ? कढी चढाई है." संध्याकाळी वाटीभर कढी घरी आली. वाटी परत द्यायला मला जावंच लागलं.

आता माझी चूक सांगतो. काका दोन महिने लेकीकडे गेले होते. तेवढ्यात मी इथे नळ बसवला. वॉचमन पाइप धरायचा. झाडं हिरवीगार झाली. मी खूश. काका परत आले, सगळीकडे फिरले, बाकावर बसले.

"झाडं छान आहेत, सेक्रेटरी. माणसं कुठायत?"

बाक रिकामे होते. खरंच रिकामे होते. मला दिसलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी नळ काढला. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता बादली घ्या."

कमिटीत चाललंय, काकांच्या नावाची पाटी लावायची आणि त्यांची आठवण म्हणून झाडांना ठिबक सिंचन बसवायचं. पाटी जरूर लावा. ठिबक नको. मंडळी, हात जोडतो, ठिबक नको. तीच चूक मला पुन्हा करायची नाही.

काकू, तुम्हाला रोज जिन्याची चढ-उतार होत नाही. तुमच्या ड्रममधली जास्वंद आजपासून माझ्याकडे.

काका मला रोज "जय भीम, सेक्रेटरी" म्हणायचे. मी नुसती मान हलवायचो. आज मोठ्यानं म्हणतो. जय भीम, काका.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. मग तुम्ही वर जा, चहा ठेवलाय. मी मागाहून येतो. तांदळाचं पाणी सकाळीच काढून ठेवलंय, तेवढं जास्वंदीला घालतो.