कुलपातली थाळी

बायको गेल्यापासून संपतरावांच्या घरात बोलणं उरलं नव्हतं, म्हणून ते वारंगा फाट्यावर लोकांचं ऐकत बसायचे. मागच्या बाकड्यावर एक म्हातारी लेकीला घेऊन बसली होती. शेजारी एक अनोळखी बाई येऊन टेकली.

"लेकीला सासरी सोडाया निघाल्या व्हय?"

"व्हय. तंटामुक्ती समितीनं समेट घातला. आता मारणार न्हाई म्हून जावयानं सही केली."

"म्हंजी आमच्याच गावातला समेट. कोणतं घर?"

"पाराजवळ, कुलपाच्या घराला लागून."

"मी तिथलीच. आमच्या बचतगटाचा ठराव हाय. नवरा मारू लागला की बाईनं थाळी वाजवायची, आमी समद्या धावतो."

"बरं हाय की!"

"कुलपाच्या घरातल्या शेवंतानं वाजवली, तवा आमी गेलो न्हाई. म्हणलो, कालच तर समेट झाला."

"मग?"

"मेली. नवरा जेलात. घर बंद. पण थाळी वाजते, बाई. वाजली की कोण्या तरी घरात मारहाण चालू असते. आमी जातो, बराबर सापडते."

"काही तरीच! उंदीर पाडत असतील."

"असतील. आज सकाळीबी वाजली. समदं गाव धुंडलं, कुठंच काही न्हाई. तुमचा जावई तेवढा एकटाच अंगणात बसला होता."

"काय करत होता?"

"काही न्हाई. वाट पाहून राहिला होता."

गाडी आली. लेक उठली.

"आई, चढायचं ना?"

"पिशवी दे इकडं. आपल्या गावाची गाडी पलीकडून लागते."