अंगाई आणि हॉकी

कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतातल्या लहानशा गावचा दवाखाना. मुरगळलेला पाय स्टुलावर ठेवून बेव्हर्ली आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. मागच्या बाकावर ओरेस्ट आणि डारिया हे म्हातारं जोडपं हळू आवाजात बोलत होतं. पण बेव्हर्लीचा पाय दुखत होता, कान नव्हे.

“खरं सांग, ओरेस्ट. हॅलिफॅक्सच्या नातीला मी फोनवर अंगाई म्हणते, ती रोज मध्येच तुटायची. शनिवारी अख्खी कशी गेली?”

“अगं, आपली इंटरनेटं दोन. एक तारेचं, एक छपरावरच्या ताटलीचं. ती राउटरची डबी दोन्हींवर भार वाटते आणि गाणं अर्ध्यात या वाटेवरून त्या वाटेवर ढकलते. तिथं तुटायचं. शनिवारी मी तुझा फोन तारेलाच बांधून टाकला.”

“आणि तुझी हॉकीची मॅच?”

“ताटलीवर.”

“ताटलीवर तर वीतभर बर्फ होता!”

“होता.”

“मग ‘गोल! गोल!’ म्हणून तळघरातून कोण बोंबलत होतं?”

“मीच. पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. पण गप्प बसलो असतो तर तुला संशय आला असता. गाणं टाकून जिना उतरली असतीस, आणि सगळं होतं तसं करायला लावलं असतंस.”

“वेड्या रे माझ्या...”

“झोपली ना पण आपली नात, लेस्या?”

“झोपली होती की, दुसऱ्याच कडव्याला.”

“होती म्हणजे?”

“तुझ्या पहिल्या गोलापर्यंत.”