वाळला म्हून लिवलेला हिवर

मी मूळची उमापूरकडची. बाप लोकांची शेरडं राखायचा, मग मी राखली, आन लगीन होऊन हितं दिंद्रुडकडं आले तरी शेरडं काय सुटली न्हाईत. अर्धी वस्ती ऊस तोडायला जाती आन शेरडं माझ्यापाशी ठिवून जाती. साळा न्हाई केली, पर कुठलं झाड हाय ते दुरून सांगते.

आता हिवराला लोक बाभळ म्हणत्यात, मला लई राग येतो. आवं, बाभळीचं खोड काळं, भेगाळलेलं, हिवराचं पांढरट. काटे दोघांना बी जोडीनं, पर बाभळीचं फूल पिवळंजर्द आन हिवराचं फिकं, सायीवानी, शेंड्याला घोसच्या घोस. बाभळीची शेंग मण्यामण्याची, हिवराची चपटी, वाकडी. आन बाभळ कधी पुरती बोडकी होत न्हाई, हिवर उन्हाळा लागला की सगळा पाला टाकतो. टाकतो म्हंजी मरतो व्हय?

काय सांगू तुमाला, वस्तीच्या रस्त्याला एक हिवर होता, माझ्या सासूच्या येळचा. उन्हाळ्यात रानात कायबी नसतंय, शेरडं त्याच्या शेंगांवरच जगायची. रस्ता मोठा करायचा म्हून झाडं लिवायला साहेब आला, जित्ती ठिवायची आन वाळलेली तोडायची म्हून, त्यो बी फागुनात. जीपीतून उतरला सुदिक न्हाई. बोडका दिसला, वाळला म्हून लिवला, शिपायानं खोडाला लाल फुली मारली. मी म्हणलं साहेब, पाला टाकलाय, मेला न्हाई, थोडे दिस थांबा. तर म्हणतो मावशी, आता कागदावर चढलं.

चैतात तोडायला आले. पयल्याच घावाला आतून वल्लं निघालं. तोडणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं आन पुन्यांदा कुऱ्हाड घातली. त्याला काय बोलू, त्यो रोजानं आलता.

त्या साली लोकांची शेरडं माझ्या हातात खंगली. ऊस तोडून आलेल्या बाया म्हणाल्या मावशी, खायला घालत न्हवतीस का गं. जलमभर शेरडं राखली, आन हे मी ऐकून घेतलं. साहेबाला कुणी इचारलं का?

आता पुढच्या रस्त्याची झाडं लिवायला येणार हायत, पुन्हा फागुनातच. म्हून मी इळा घेऊन फिरते, एकेका हिवराची साल नखाएवढी खरवडून ठिवते, आतलं हिरवं दिसावं म्हून. जित्त्या झाडाला जित्तं दाखवायला मला घाव घालावा लागतो. साहेबाचं बी भलं होवो, लेकरंबाळं सुखी राहोत त्याची. पर बाबा, एकदा जीपीतून खाली उतर.