दहाव्या खोलीचं पाणी

मंडळी, ऐका. आजचा प्रश्न स्वयंपाकघरातला आहे, तेव्हा पुरुषांनीही लक्ष द्यायला हरकत नाही. शितावरून भाताची परीक्षा — असं आपण सगळेच म्हणतो. मान्य! पण शीत कुठलं घ्यायचं? वरचं? तळाचं? की डावाला आपसूक चिकटलं ते? आणि दुसरा प्रश्न, जरा अवघड — ते शीत आपल्याशी खरं बोललं, तर त्याचं नाव जगाला सांगायचं का?

उत्तराची घाई नको. उत्तर येत असतं तर आख्यानाची गरज काय होती?

तर शिरगुंडी नावाचं गाव. गावाबाहेर सूतगिरणी, गिरणीला कामगारांची वसाहत. चाळीस ओळी, एका ओळीत दहा खोल्या, एकूण चारशे. या वसाहतीत एके दिवशी वसुधा इंगवले नावाची मुलगी आली. समाजशास्त्राची विद्यार्थिनी. पाठीला पिशवी, हातात प्रश्नावली. नगरपालिकेची पाणी समिती दुसरी जलवाहिनी टाकायची की नाही याचा विचार करत होती आणि लोकांना पाणी पुरतं का, हे तिनं शोधून सांगायचं होतं. समिती विचार करते आहे म्हटल्यावर तिच्याकडे वेळ भरपूर होता.

आता चारशे घरं एकटी कशी विचारणार? शास्त्र सांगतं, सगळ्यांना विचारू नये, थोड्यांना विचारावं, पण नीट निवडून. वसुधानं हिशेब केला — दर दहावी खोली. दहा, वीस, तीस... थेट चारशेपर्यंत. आकडे गोल, चुकायची भीती नाही. चाळीस खोल्या झाल्या. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. वाटणारच! आपलं गणित सुटलं की आपण जग सुटलं असं धरतो.

दहाव्या दारांत तिचं स्वागत काय सांगू! ये बाई, बस बाई, तांब्याभर पाणी घे बाई. ती दोन घोट वरून प्यायची आणि उरलेलं अंगणात भिरकावायची. कोणी काही म्हटलं नाही. चाळीसपैकी अडतीस घरांनी सांगितलं, पाणी भरपूर आहे. तिनं तक्ता केला. समितीला कच्चा अहवालही पाठवून दिला.

मग शेवटच्या दिवशी ऊन लागलं. घसा कोरडा पडला, म्हणून समोर दिसेल त्या दारात ती शिरली. खोली नंबर एकशे चौसष्ट. सगुणाक्का हुपरे यांचं घर. नवरा गेलेला, लेक गिरणीत कामाला, आणि तोंड — ते कोणाच्याच ताब्यात नाही.

सगुणाक्कांनी झाकण काढून लहानसं फुलपात्र भरून दिलं. वसुधा दोन घोट प्यायली आणि सवयीनं उरलेलं अंगणात फेकलं.

सगुणाक्का त्या ओल्या डागाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ते सांजचं हुतं."

मंडळी, चाळीस घरांच्या प्रश्नावलीत जे आलं नाही, ते त्या एका डागात आलं. वसुधानं विचारलं, अहो, पण सगळे तर भरपूर म्हणतात. सगुणाक्कांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि ओळीचं टोक दाखवलं. प्रत्येक ओळीला नळ एकच. तो दहाव्या खोलीच्या दाराशी. सकाळी पाऊण तास पाणी येतं. वसाहतीची रीत अशी, की भरण्याची पाळी नळापासून सुरू होते — आधी दहावी, मग नववी, मग आठवी. पाचवीपर्यंत येता येता नळ वारा सोडायला लागतो.

"तू समदी नळाचीच घरं इचारलीस," सगुणाक्का म्हणाल्या. "जेवून उठलेल्यास्नी भूक इचारल्यागत."

आणि आणखी एक! ती दहावी खोली कोणाची? गिरणी सुरू झाली तेव्हा त्या खोल्या मुकादमांना दिलेल्या. गिरणीत कामाच्या पाळ्या लावणारे तेच, पाणी आधी भरणारेही तेच. वसुधा चारशे घरांच्या वसाहतीत एक महिना फिरली आणि फक्त मुकादमांना भेटून आली!

तिनं आपल्या सरांना फोन केला. सर म्हणजे पाटगावकर, पस्तीस वर्षं हाच विषय शिकवलेला माणूस. सरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, नळ कुठं आहे ते पाहिलं होतंस का? नाही म्हणाली. "मीही विचारलं नाही," सर म्हणाले. "दोघं मिळून नापास. समितीची बैठक कधी आहे?"

बैठक सहा दिवसांवर.

आता इथं तुमच्या-माझ्यासारखा शहाणा काय करेल? म्हणेल, अहवाल गेलाय, गोड मानून घ्या. वसुधानं चारशे चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक नंबर. ठेवायला भांडं हवं, तर सगुणाक्कांनी कळशी दिली. सकाळपासून रिकामीच होती. लोकांसमोर चाळीस चिठ्ठ्या काढल्या. ज्याची निघाली त्यालाच विचारायचं — मग तो मुकादम असो की मुका.

चाळीस निघाल्या. एकशे चौसष्ट निघाली नाही.

सगुणाक्कांनी कळशी तिच्यापुढं सरकवली. परत हात घाल म्हणाल्या. वसुधा म्हणाली, अक्का, तुम्हाला घेतलं तर ती माझी मर्जी झाली. उद्या मुकादम म्हणतील, हिनं रडणारीच माणसं वेचली.

"म्हंजे तहान माझी," सगुणाक्का म्हणाल्या, "आणि चिठ्ठी शेजारणीची." आणि चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

ते चार दिवस वसुधा दारोदार फिरली. प्रत्येक दारात आधी एकच वाक्य — तुमचं नाव, खोलीचा नंबर कुठंही येणार नाही. बोलायचं नसेल तर बोलू नका, राग नाही. एका घरानं खरंच नको म्हटलं. ती नमस्कार करून निघाली. 'नको' ऐकून निमूट परत फिरणारा माणूस, मंडळी, मी इतक्या वर्षांत लग्न ठरवणाऱ्यांतही पाहिला नाही! उरलेल्या एकोणचाळीस घरांपैकी एकवीस म्हणाली, पाणी पुरत नाही.

बैठक भरली. अध्यक्ष बाबगोंडा चौगुले. शेजारी दत्तोबा मुकादम, आमंत्रणावरून. मागं वसाहतीतली माणसं, त्यांत तोंड फिरवून बसलेल्या सगुणाक्का. वसुधानं आधी स्वतःची चूक सांगितली, मग नवा आकडा सांगितला.

अध्यक्ष म्हणाले, महिन्यात आकडा उलटतो कसा? कोण आहेत हे एकवीस? नावं द्या, आम्ही शहानिशा करतो. दत्तोबांनी पेन उघडलं. त्यांना पाणीप्रश्नात एकाएकी फार रस वाटू लागला होता.

वसुधाच्या पिशवीत वही होती. वहीत एकवीस नंबर होते. नंबर दिले तर वाहिनी येईल — आणि एकवीस घरांतल्या माणसांना महिनाभर रात्रपाळी लागेल. नाही दिले तर शब्द राहील आणि नळ आहे तिथंच राहील. सांगा मंडळी, काय कराल? मनातल्या मनात सांगा. मोठ्यानं सांगितलंत तर तुम्हालाच पाळावं लागेल.

ती म्हणाली, "साहेब, शब्द दिलाय. वही देणार नाही."

"मग बिननावाच्या तक्रारीला आम्ही काय पूजायचं?" अध्यक्षांनी कागद मिटला.

तेव्हा मागून सगुणाक्का उठल्या. "माझं लिवा," म्हणाल्या. "सगुणा हुपरे, एकशे चौसष्ट. मी हिच्या चिठ्ठीत न्हाई. मला कुणी शबूद दिला न्हाई, आणि मी कुणाला मागितला न्हाई. उद्या सकाळी माझ्या पाळीत उभं ऱ्हावा."

अध्यक्ष म्हणाले, येतो. दत्तोबांनी पेन मिटलं.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष रिकामी घागर घेऊन सतराव्या ओळीत सातव्या पाळीला उभे राहिले. पुढं सहाजण. पाचव्याची घागर अर्धी भरली आणि नळ बंद. अध्यक्षांनी नळाची तोटी फिरवून पाहिली. म्हणाले, "रोज असंच?" सगुणाक्का म्हणाल्या, "न्हाई. आज तुमच्यामुळं पाणी लवकर आलं."

दुसरी वाहिनी मंजूर झाली, पहिल्या खोलीच्या बाजूनं. वसुधाच्या प्रबंधात सगुणाक्कांचं नाव नाही. तिनं विचारलं होतं, घालू का? त्या म्हणाल्या, सभेत घातलं तेवढं बास.

आता तुमच्याकडं वळतो. या देवळाच्या विश्वस्तांनी परवा मला सांगितलं, बुवा, तुमचं कीर्तन अख्ख्या गावाला आवडतं. मी विचारलं, कोणाकोणाला विचारलंत? म्हणाले, जे आले होते त्यांना!

तर आज घरी जाताना एवढंच करा. जो इथं आला नाही, अशा एकाच्या दारात थांबा. विचारा, बाबा, का आला नाहीस? सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. आणि उत्तर माझ्याविरुद्ध असेल, तर उद्या मला येऊन सांगा — उत्तर सांगा, त्याचं नाव सांगू नका.

आता हात वर करा आणि म्हणा — जो आलेल्यांचा आहे, तेवढाच न आलेल्यांचा आहे, त्या विठ्ठलाचा जयजयकार!