दोरी माझ्या दुकानातली

नाही, तुम्हीच सांगा मॅडम, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? — बसा ना, त्या साबणाच्या खोक्यावर बसा, मोडत नाही — ज्या पोरीला मी हातानं फिरवायची तीनचाकी चालवायला शिकवली, उतारावर ब्रेक धरला नाही तर तळहाताला कातडं बांधून चाक कसं दाबायचं ते शिकवलं, तिच्याबद्दल तुम्ही मला विचारताय? आणि तेही माझ्याच दुकानात, माझाच चहा पिता पिता? घ्या, शेंगदाणेही घ्या. नाब्वीरे कशी आहे म्हणे! चांगली आहे. सुकी मासळी विकते, चांगली विकते. बोलते जरा जास्त. झालं, एवढंच लिहा.

तुमची अडचण कळते हो मला. महामारीत सरहद्दीचं फाटक बंद झालं, आता ते उघडायचं म्हणून जिल्ह्यानं समिती नेमली, तिच्यात आम्हा अपंगांना खुर्ची एक — सगळ्या बुसिया गावच्या अपंगांना एक! — आणि तिच्यावर कोण बसणार ते तीनचाकीवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षानं सांगायचं. अध्यक्ष कोण? मीच. मग माझंच नाव सांगितलं तर काय बिघडलं? नाही, तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण भुवई उचललीत, मी पाहिलं. आयुष्यभर खालून वर बघतोय मी, लोकांच्या भुवया मला आधी दिसतात.

आणि खुर्ची साधी नाही, हेही मला कळतं. तुमच्या साहेबांच्या मनात काय आहे? छोट्यांचा माल यापुढे एकत्र बांधून ट्रकमधून पलीकडे केनियात पाठवायचा, म्हणजे गर्दी नको, रोग नको. दिसायला छान. पण मग आम्ही काय करायचं? अहो, इतकी वर्षं फाटकावर सायकलवाला रांगेत, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई रांगेत, आणि आमची तीनचाकी आली की शिपाई हात हलवणार — जाऊ द्या त्यांना! म्हणून तर गावातले धडधाकट लोक पीठ, तेल, साखर आमच्या गाडीवर लादतात आणि वर भाडं देतात. जे पाय बघून लोक आमच्या हातावर नाणं टेकवायचे, त्याच पायांमुळे ते आमच्याशी घासाघीस करायला लागले. घासाघीस म्हणजे मान असतो मॅडम, व्यापाऱ्याला विचारा. ट्रक कायमचा झाला की तो मान गेला. रोगाच्या नावाखाली गेलेली गोष्ट रोग गेल्यावर परत येते असं नाही.

तर अनुभव कुणाला आहे? मला. महामारीच्या सुरुवातीला नियमांची पहिली बैठक झाली तेव्हा कुणाला बोलावलं? मला. वरच्या मजल्यावर होती, जिना अरुंद, पण चार पोलीस आले आणि खुर्चीसकट उचलून नेलं, नवरदेवासारखं! तो बघा फोटो, त्या बादल्यांच्या मागे — मधला मी, मास्क हनुवटीवर. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “एगेसा, तुमची काही सूचना?” म्हटलं, “साहेब, सोडा मस्त थंड आहे.” सगळे हसले. हसवता येतं मला लोकांना.

आता त्याच बैठकीत हात धुण्याचे नळ ठरले, ते पायानं दाबायचे, त्याला मी काय करू? हात न लावता पाणी — डोकं लढवलं होतं बिचाऱ्यांनी. आणि आमचा अख्खा संघ त्या नळासमोर उभा — उभा कसला, बसलेला — आणि कामाचा पाय एकाकडेही नाही! हात धुतल्याशिवाय बाजारात शिरायचं नाही, आणि पाय असल्याशिवाय हात धुता यायचे नाहीत. मला कुणी नीट विचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी? — हो, विचारलं होतं. तेच तर सांगतोय. शेंगदाणे खारट झालेत का?

दुसऱ्या बैठकीला मला ताप. तो ताप नव्हे, आपला नेहमीचा, डासाचा. म्हणून नाब्वीरे गेली. गेली आणि अंगणात थांबली. पोलीस उचलायला आले तर म्हणते, “मी काय पोतं आहे?” साहेब खिडकीतून ओरडले, “अगं बाई, एगेसा तर येतात वर!” तर ही काय म्हणाली असेल? “ते हलके आहेत.” हलके! मी! सगळा जिना हसला म्हणे. दुसऱ्या दिवशी चपातीवाला मला विचारतो, “काका, वजन करू का?” आणि मग काय झालं माहितीय? समिती खाली उतरली. स्वतःच्या खुर्च्या स्वतः उचलून, फणसाच्या झाडाखाली. मला वर न्यायला चार माणसं लागली म्हणून मी फुशारकी मारत फिरत होतो, आणि हिच्यासाठी अख्खं जिल्हा कार्यालय खाली आलं. तिनं समितीतल्या डॉक्टरसाहेबांना आपल्या तीनचाकीत बसवलं, म्हणाली, “आता पाय न हलवता हात धुऊन दाखवा.” महिन्याच्या आत नळ बदलले. आता कोपरानं दाबतात. दाबतो ना, मीही दाबतो. प्रत्येक वेळी तिची आठवण येते, पाणी नको होतं.

पण दोरीचं ऐका, म्हणजे कळेल तुम्हाला. नियम होता माणसामाणसांत दोन मीटर अंतर. आमच्या गाड्या ढकलणारी माणसं असतात — बाजारापर्यंत चढ आहे, भरलेली गाडी नुसत्या हातानं चढत नाही — आणि ढकलणारा दोन मीटर लांबून ढकलणार कसा? हात आहेत की बांबू? तिची गाडी ढकलणाऱ्या ओकुमुला पोलिसांनी दोनदा पिटाळला. तशी ही दुकानात आली, “काका, दोरी द्या, दोन मीटर. ओकुमु पुढून ओढेल.”  इतकं सोपं! मी त्याच चढाखाली रोज अडकत होतो, दोऱ्यांचं भेंडोळं माझ्या डोक्यावर टांगलेलं, आणि सुचलं तिला.

मी दोरी हातानं मोजतो. मापात कधी चुकत नाही — म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूनं कधी चुकत नाही. पण तिनं दोन मीटर मागितली, आणि गाठींचं तिच्या ध्यानातच नाही! एक गाठ गाडीला, एक ओकुमुच्या कमरेला, गाठी दोरी खातात, हे दोरी विकणाऱ्याला कळतं, मासळी विकणारीला कसं कळणार? बोललो असतो तर म्हणाली असती, म्हाताऱ्याला जास्तीची विकायचीय. म्हणून बोललो नाही. गाठींपुरती सोडून कापली, पैसे दोनच मीटरचे घेतले. का म्हणजे? चहा निवतोय तुमचा.

चढावर अडवलंच तिला. पोलिसानं शिंप्याकडून फीत आणवली, बाजार गोळा झाला, ओकुमु घामानं निथळलेला. मोजली — पुरे दोन मीटर, गाठी सोडून! नेमकी कापली असती तर ती त्या दिवशी चौकीत असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी? रेडिओवर कोण बोललं? आणि आता जो येतो तो माझ्या दुकानात येऊन मलाच म्हणतो, “नाब्वीरेची दोरी द्या.” माझं भेंडोळं, माझी कात्री, माझा हात — आणि दोरी नाब्वीरेची!

तर लिहा, एगेसा लिहा. ए-गे-सा. — थांबा. समिती बसते कुठे आता? वर? पुन्हा वरच? झाडाखाली पावसाची कटकट म्हणून? हं.

म्हणजे ते चौघे पुन्हा येणार. आणि मी — मला काय मी माहीत नाही? — मी हसत हसत वर जाणार, सोडा पिणार, काहीतरी बोलून सगळ्यांना हसवणार, आणि खाली उतरेपर्यंत ट्रक ठरलेला असणार. ती जाणार नाही वर. ती अंगणात बसेल, पावसात बसेल, ते खाली येईपर्यंत. भिजेल नुसती. छत्रीसुद्धा नसते तिच्याकडे.

खोडा ते. नाब्वीरे लिहा. माझ्या तोंडाकडे बघू नका, लिहा. आणि उठा आता, गिऱ्हाईक आलंय — काय रे, काय हवं? — ऐकलंत? ऐकलंत ना, काय मागतोय? देतो बाबा, देतो, नाब्वीरेचीच देतो. — या तुम्ही मॅडम. ही छत्री न्या, जाता जाता तिच्या गाडीत टाका, एगेसानं दिली म्हणू नका. पण तुमच्या कार्यालयात कधी या सगळ्याचा हिशेब मांडाल, कुणामुळे काय झालं याचा, तेव्हा डोकं तिच्या नावावर टाका, माझी ना नाही. फक्त त्या गाठींपुरती दोरी माझ्या नावावर ठेवा. तेवढा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा.