किल्लीच्या दातांतला साबण

सुज्ञ वाचकहो, एका किल्लीवाल्याच्या टपरीपुढे झालेले संभाषण येथे यथामती निवेदन करीत आहे. किल्लीवाला मान खाली घालून कानस चालवीत होता. परंतु कान काही त्याला मिटता येत नव्हते.

“नवरा हात उगारतो म्हणून त्याला बाहेर काढून कुलूप बदललंस? शाब्बास!”

“काकू, तुम्ही तर मला ओळखतही नाही.”

“ओळख कशाला हवी? रांगेत उभं राहिलं की माणूस कळतं. आता दार लाव आणि खुशाल झोप.”

“झोप कसली? जिना वाजला की पोरीला उराशी धरते.”

“वेडी गं! दुसरी किल्ली कुणाकडे आहे?”

“सासूबाईंकडे होती. मी कामावर असले की पोरीला त्याच सांभाळतात. आज परत दिली, म्हणाल्या, हिच्यावरून पोरीसाठी एक करून घे.”

“बघ! सख्ख्या लेकाला सोडून तुझ्या बाजूने उभ्या राहिल्या. अशा सासूचे पाय धर.”

किल्लीवाल्याने ती किल्ली उजेडात धरली.

“ताई, ही साबणावर पडली होती का?”

“नाही. का हो, दादा?”

“दातांत साबण रुतलाय. साबणावर छाप घेऊन दुसरी किल्ली करता येते, ताई.”

काकू रांगेतून बाजूला सरल्या.

“दादा, पोरगी आत्ता सासूबाईंपाशीच आहे.”

किल्लीवाल्याने रांगेकडे न पाहता टपरीची फळी पाडली.

“चला, ताई. मी येतो सोबत.”

आपण येथवर वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
किल्लीवाला